बस म्हणायचं राहिलं

तेजस्विनीच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा आला तेव्हा साळुबाई लसूण सोलत होती. तिला तो 'बरंच' असा ऐकू आला.

"बरंच काय?"

"बरंच नाही आई, ब्रंच. म्हणजे धड नाश्ता नाही आणि धड जेवणही नाही. रविवारी अकरा-साडेअकराला लोकांना बोलवायचं, साधंसंच काहीतरी करायचं आणि गप्पा मारत निवांत खायचं."

"म्हंजी न्याहारी. रानातनं आलो की आमी रोजच खातो की अकराला. त्याला लोकं कशाला बोलवायची?"

तेजस्विनी या घरात येऊन तीन महिने झाले होते. ती आणि रविंद्र दोघंही चाकणला नोकरीला. शनिवारी रात्री राजुरीला यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. या तीन महिन्यांत आळीतल्या एकूण एक घराने नव्या सुनेला चहाला बोलावून झालं होतं. प्रत्येक घरी पोहे, प्रत्येक घरी 'आणखी थोडे घे', प्रत्येक घरी ओटी. आता आपणही सगळ्यांना एकदा बोलवावं, असं तिच्या मनात आलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. साळुबाईला ते आवडलंही होतं, पण बेत ऐकेपर्यंतच.

"गरम थालीपीठं, दही, ऑम्लेट-पाव, द्राक्षं आणि चहा. बस्स."

साळुबाईने हातातली पाकळी खाली ठेवली. "पाव? अगं, पाव आजाऱ्याला देत्यात."

"आई, सगळ्यांनी निवांत बसायचं, एवढंच महत्त्वाचं. आणि हो, पंगत नाही मांडायची. ताटल्या एका टेबलावर ठेवू, ज्याला जे हवं ते त्याने आपल्या हाताने घ्यायचं. आग्रह अजिबात करायचा नाही. तुम्ही तर काहीच करायचं नाही. नुसतं खुर्चीत बसायचं."

आग्रह करायचा नाही! साळुबाई पस्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून तिच्या ताटावरून कुणी सरळ उठून गेलं नव्हतं. येडगावचे तिचे व्याही जेवायला बसले की आधीच ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे; पण ही बाई बोटांच्या फटीतून तूप सोडायची. अशा बाईने खुर्चीत बसून लोक आपल्या हाताने वाढून घेताना बघायचं!

नवरा भिमाजी दारात बसून पेपर वाचत होता. तो म्हणाला, "बस की गं एक दिस. एवढी पोरगी म्हनतीय तर."

साळुबाईने पुन्हा लसूण हातात घेतला. सून नवी होती, गुणाची होती, आणि पुण्याकडची होती. पहिल्याच वर्षी वाद नको.

पण खरी बातमी पुढच्या शनिवारी कळली. तेजस्विनी आळीत सगळ्यांना सांगून आली होती आणि प्रत्येकाला म्हणाली होती, "येताना काहीतरी घेऊन या."

"काय घिऊन या?" साळुबाईचा आवाज चिरकला.

"काहीही. आपापल्या घरून एखादा पदार्थ. आमच्या ऑफिसात असंच करतात. मजा येते."

"म्हंजी बोलवायचं आपन आन् खायाचं त्यांनीच आनायचं? आगं बया! आता गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तू."

भिमाजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "बरं झालं. उरलंसुरलं परत न्यायला भांडी तरी असत्याल."

साळुबाईने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "कोनाकोनाला सांगितलंस?"

"प्रयागबाई, चिमाबाई, मागचे सावळेराम गुरुजी आणि त्यांची माणसं..." तेजस्विनी बोटं मोजत होती. "आणि शेजारच्या जानकाकाकू."

भिमाजीचा पेपर खाली आला. रविंद्रने हळूच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो पीतच राहिला.

जानकाबाई म्हणजे साळुबाईची धाकटी जाऊ, भिमाजीच्या भावाची, संपतची बायको. दोन्ही घरांच्या परसात मधे एक भिंत, डोक्याला टेकेल एवढी. आणि त्या भिंतीच्या अलीकडच्या बाईने पलीकडच्या बाईशी अकरा वर्षं एक शब्द काढलेला नव्हता.

झालं होतं ते असं. चौऱ्याण्णव साली रविंद्रच्या बहिणीचं, अश्विनीचं लग्न झालं. जानकाबाई दोन दिवस राबली, तिने पंगतींवर पंगती वाढल्या. शेवटची पंगत घरच्या बायांची. पदराला हात पुसत जानकाबाई मांडवाच्या खांबाशी उभी राहिली. थोरली जाऊ यजमानीण. तिने 'जानका, बस' म्हटलं की बसायचं. साळुबाई बुंदीचं ताट घेऊन तिच्यासमोरून तीनदा गेली. तीनदा आली. पण बस म्हणाली नाही. शेवटी पंगत भरली, श्लोक झाला, आणि जानकाबाई तशीच घरी निघून गेली. संध्याकाळपर्यंत आळेफाट्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की सख्ख्या पुतणीच्या लग्नातून काकू उपाशी गेली.

यावर साळुबाईचं म्हणणं एकच होतं. "घरच्या मानसाला बस म्हनायचं असतं व्हय?"

त्या दिवसापासून दोघींचा जो काही संवाद असेल तो म्हशीमार्फत चालायचा. जानकाबाई वैरण टाकताना भिंतीकडे तोंड करून म्हशीला म्हणायची, "खा बाई खा, तुला तरी कोनी इचारतंय." आणि साळुबाई अलीकडून आपल्या म्हशीला म्हणायची, "तुला मेलीला रोज आवतान द्यावं लागत न्हाई, म्हनून बरंय." दोघींचे नवरे मात्र रोज सकाळी स्टँडवर एकत्र चहा प्यायचे आणि या विषयावर बोलायचे नाहीत.

"ती यायची न्हाई," साळुबाई म्हणाली.

"येते म्हणाल्या. मी धुण्याच्या दगडावर चढून भिंतीवरूनच हाक मारली. मासवडी आणणार आहेत."

रविवारी पहाटे साडेचारला साळुबाईला जाग आली ती याच विचाराने. अकरा वर्षांनी जानका उंबऱ्याच्या आत येणार, आणि तिच्यापुढे आपण काय ठेवणार? पाव!

ती उठली. आवाज न करता कट्ट्यापाशी गेली. दिवाळीत रविंद्रने स्वयंपाकघराला फरशा बसवल्या तेव्हा जुनी चूल काढून टाकली होती. आता सगळं गॅसवर. तिने मोठ्या पातेल्यात रवा भाजायला घेतला. शिरा झाला. मग वाटलं, नुसता गोडाचा घास बरा नाही, म्हणून आमटी टाकली. आमटी रटरटत असताना गॅसची निळी ज्योत पिवळी झाली, बारीक झाली. साळुबाईने टाकी जरा हलवली, ज्योत पुन्हा वर आली. दुसऱ्या टाकीचा नंबर लावून तीन आठवडे झाले होते. होईल, पुरेल, असं म्हणून तिने आमटी उतरवली आणि दोन्ही पातेली आतल्या खोलीत खाटेखाली, पोत्यांच्या मागे सरकवून दिली. मग परत येऊन अंथरुणावर आडवी झाली आणि सात वाजता तेजस्विनीने हलवल्यावर जांभई देत उठली.

अकराला लोक यायला लागले. अंगणात रविंद्रने प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर चादर, तिच्यावर ताटल्या. साळुबाई ठेवणीतलं बरं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती, दवाखान्यात नंबरची वाट बघत बसतात तशी, मांडीवर हात ठेवून.

'काहीतरी आणा' याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे लावला होता. चिमाबाईने नारळ आणि खण आणला होता. तिला वाटलं सुनेची काहीतरी गोड बातमी आहे. सावळेराम गुरुजींनी त्यांच्या सेवानिवृत्तीला मिळालेला ग्लासांचा सेट आणला होता, खोक्यासकट. भिमाजीचा भाऊ संपत पाटी भरून टोमॅटो घेऊन आला. प्रयागबाईने तर आपली ताटली, वाटी आणि पाण्याचा तांब्या आणला होता.

"भंडाऱ्याला नेतात तसं," ती म्हणाली. "पोरगी म्हनली आपल्या हातानं घ्यायचं, मी म्हनलं भांडंबी आपलंच असंल."

साळुबाईने डोळे मिटून घेतले.

"आई, बघा, सगळे कसे मजेत आहेत," आत जाताजाता तेजस्विनी कानाशी म्हणाली. कोणी मजेत नव्हतं. सगळे टेबलाभोवती उभे होते आणि एकमेकांकडे बघत होते. द्राक्षांच्या पाटीला कोणी हात लावत नव्हतं, कारण कोणी 'घ्या' म्हणत नव्हतं. साळुबाईच्या जिभेच्या टोकावर 'घ्या की' आलं होतं. ते तिने चारदा गिळलं. शेवटी सावळेराम गुरुजींनी एक द्राक्ष उचललं, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत असं पाहून ते परत ठेवलं.

आतून पहिलं थालीपीठ आलं, मग दुसरं. आणि तेवढ्यात फाटकाशी जानकाबाई दिसली.

हातात फडक्याने झाकलेली परात. जांभळं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती फाटकातून आत आली, चार पावलं चालली, आणि अंगणातल्या जास्वंदीपाशी येऊन थांबली. उभी राहिली. साळुबाईकडे न बघता, पण तिला दिसेल अशी.

प्रयागबाईने तांब्या पोटाशी धरला.

जानका कशासाठी थांबली आहे हे साळुबाईला कळत होतं; अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. एक शब्द. पण तो आता म्हणायचा म्हणजे अकरा वर्षांपूर्वी तो म्हणायला हवा होता, असं कबूल करायचं. आणि नाही म्हटला तर ही परात घेऊन परत जाईल, आणि पुढची अकरा वर्षं दोघी पुन्हा म्हशींशी बोलणार. त्यात सूनबाईने सांगून ठेवलेलं, आग्रह करायचा नाही. साळुबाईने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"आई!" आतून तेजस्विनीची हाक आली. "गॅस गेला!"

तेजस्विनी झारा हातात घेऊन बाहेर आली. "असा कसा संपला? मागच्या आठवड्यात तर चांगला चालला होता. अजून चारच थालीपीठं झालीत, अंडी तशीच आहेत."

"संपला असंल," साळुबाई जमिनीकडे बघत म्हणाली. "गॅसचं काय, तो संपतोच."

मग जानकाबाई जास्वंदीला उद्देशून बोलली. "आमची चूल पेटल्याली हाय. पान्यासाठी लावली व्हती."

"काकू, खरंच? मग चला की तुमच्याकडेच करू!"

आणि बघता बघता सगळं हललं. रविंद्रने पिठाची परात उचलली, तेजस्विनीने अंडी, भिमाजीने खुर्ची. चिमाबाई दही घेऊन निघाली, गुरुजी ग्लासांचं खोकं घेऊन निघाले. एवढा वेळ अवघडून उभी असलेली माणसं हाताला काम मिळाल्याबरोबर बोलायला लागली. टेबलसुद्धा गेलं. पाच मिनिटांत अंगणात काही उरलं नाही, एक साळुबाईची खुर्ची सोडून. तीही साळुबाई तिच्यात बसलेली होती म्हणून.

कोणी तिला 'चल' म्हटलं नव्हतं.

आता येतील बोलवायला, असं तिला वाटलं. तेजस्विनी येईल, नाहीतर रविंद्र. भिंतीपलीकडून धूर वर आला. मग थालीपीठाचा खमंग वास आला. मग हसण्याचा आवाज, आणि त्यात भिमाजीचं हसणं सगळ्यात मोठं. साळुबाईने पदर सारखा केला. येतील. एवढ्या गडबडीत कोणाच्या ध्यानात राहतंय. कोणीतरी म्हणालं, "मासवडी काय झालीय वैनी!" आणि कोणीतरी म्हणालं, "घ्या, अजून घ्या." म्हणजे तिथे आग्रह चालला होता!

पंधरा मिनिटं झाली. ही आपलीच माणसं, आपलाच नवरा, आपलंच पीठ. आणि आपण हितं उपाशी. उठून गेलं असतं तर कोणी हाकललं नसतं, हे तिला माहीत होतं. सगळे म्हणाले असते, अगं तू कुठं राहिलीस. पण पाय उठत नव्हता. कोणी बोलवल्याशिवाय कसं जायचं?

आणि मग तिला मांडवाचा खांब आठवला. बुंदीचं ताट आठवलं. आपण तीनदा समोरून गेलो ते आठवलं, आणि खांबाला टेकलेल्या त्या बाईचा चेहरा, जो आपण पाहिला होता आणि नव्हताही.

"आगं बया," ती रिकाम्या अंगणाला म्हणाली.

ती उठून परसात गेली. नुसतं बघावं म्हणून. घमेलं पालथं घातलं, त्याच्यावर चढली, आणि भिंतीवर हात टेकून डोकं वर काढलं. समोर वीतभर अंतरावर जानकाबाईचं डोकं होतं. तीही पलीकडे कशावर तरी चढली होती.

दोघी दचकल्या. साळुबाईचं घमेलं डुगडुगलं. कोणी खाली उतरेना.

"काय बघताय?" जानकाबाईने विचारलं. अकरा वर्षांतला पहिला शब्द.

"म्हस बघतीय."

"म्हस तिकडं गोठ्यात हाय."

साळुबाईने ओठ दाबले. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "कोनी बोलावलं न्हाई मला."

"घरच्या मानसाला बोलवायचं असतं व्हय?" जानकाबाई म्हणाली.

हे वाक्य तिने अकरा वर्षं जपून ठेवलं होतं, यात शंका नाही. म्हणून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर आनंद पसरायला हवा होता. पण तो आला नाही. ती साळुबाईच्या तोंडाकडेच बघत राहिली.

"बोलवायचं असतं," साळुबाई म्हणाली. "मला म्हाईत नव्हतं. आता कळलं."

चुलीच्या धुराने ठसका लागला म्हणून असेल, जानकाबाईने डोळ्यांना पदर लावला. "लई उशिरा कळलं."

"हां. जरा उशीर झाला."

"या मग. थालीपीठ थंड व्हतंय."

"येते."

"आन् येताना काईतरी घिऊन या. तुमच्याच सुनेचा नियम हाय."

साळुबाई घमेल्यावरून उतरली ती थेट आतल्या खोलीत. पोत्यांमागून शिऱ्याचं पातेलं ओढलं. आमटीचं ओढलं. दोन्ही एकदम उचलता येईनात म्हणून तिने रविंद्रला हाक मारली. भिंतीपलीकडून तो धावत आला आणि पातेली बघून जागच्या जागी थांबला.

"आई, हे कधी केलंस?"

"पहाटं."

"गॅसवर?"

"मग काय उन्हात?"

रविंद्रला सगळा उलगडा झाला. शहाणा मुलगा, त्याने पातेलं उचललं आणि पुढे कोणाला काही सांगितलं नाही.

साळुबाई फाटकातून निघून, रस्त्यावरून वळून, जानकाबाईच्या दारात आली. जानकाबाई उंबऱ्यातच उभी होती. "या बाई. बसा," ती खड्या आवाजात म्हणाली, आळीतल्या शेवटच्या घराला ऐकू जावं असं, आणि तिने स्वतःच्या हाताने पाट मांडला.

साळुबाई बसली. जानकाबाईने थालीपीठ वाढलं, लोण्याचा गोळा ठेवला, वर मासवडीच्या चार वड्या आणि वाटीभर रस्सा. साळुबाईने वडी मोडली, रश्शात बुडवली, खाल्ली. सगळे बघत होते. भिमाजीचा आणि संपतचा चहाचा पेला अर्ध्या वाटेत थांबला होता.

"लसून कमी पडला," साळुबाई म्हणाली.

तेजस्विनीने कपाळावर हात मारला.

"कमी?" जानकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आठ गड्डे घातल्यात! तुमची जीभच मेली, पस्तीस वर्सं सवताच्या हातचं खाऊन."

"मग माझ्या शिऱ्याला नाव ठिव. ठिव की."

"ठिवनारच हाय. रवा कच्चा हाय ह्यो."

"कच्चा? सुनबाई, तू खाऊन बघ गं, कच्चा हाय?"

मग जे सुरू झालं ते दीडपर्यंत चाललं. अकरा वर्षांत एकमेकींच्या घरून भिंतीवरून आलेला प्रत्येक वास दोघींना पाठ होता, आणि प्रत्येकाबद्दल मत तयार होतं. गेल्या संक्रांतीच्या तिळाच्या पोळ्या करपल्या होत्या. मागच्या वर्षीच्या पापडात पापडखार जास्त पडला होता. बाकीच्यांनी मधल्या वेळात सगळी थालीपीठं, सगळी अंडी, मासवडी, आमटी आणि 'कच्चा' शिरा संपवला. प्रयागबाईने आपल्या वाटीतला शिरा परत परत घेतला. सावळेराम गुरुजी द्राक्षं खात चुलीपाशी ऐसपैस बसले होते. पावाचा पुडा कोणी उघडलाही नाही. आणि 'नको'ला कोणी नको समजत नव्हतं. येडगावच्या व्याह्यांसारखे तेजस्विनीने ताटलीवर दोन्ही हात धरले, तर एकीने उजवीकडून तूप सोडलं, दुसरीने डावीकडून.

दुपारी मोरीपाशी दोघी भांडी घासायला बसल्या. जानकाबाई राख लावत होती, साळुबाई विसळत होती.

"त्या दिशी घरी जाऊन काय खाल्लंस?" साळुबाईने विचारलं.

"शिळी भाकर. आन् चटनी."

साळुबाईने परात तीनदा विसळली. "मी बी जेवले नव्हते. रातीला अश्विनीची गाडी गेली तवा ध्यानात आलं. मलाबी कोनी बस म्हनलं न्हाई, जानके."

जानकाबाईचा हात थांबला. तिने जावेकडे पाहिलं, मग पुन्हा पातेल्याच्या बुडाला राख लावायला लागली. "मग सांगायचं न्हाई का," ती पुटपुटली. "एवढी वर्सं."

"कुनाला सांगू? म्हशीला?"

जानकाबाई आधी नाकातून हसली, मग जोरात. इतक्या जोरात की संपत झोपेतून उठून बघायला आला.

पाचला रविंद्र निघायची घाई करायला लागला. निवांत ब्रंच करून तेजस्विनीचे पाय सुजले होते आणि पोट तडतडत होतं. गाडीत मागे तिच्यासाठी टोमॅटोची पाटी, नारळ, खण, बरणीभर लोणचं, मासवडीचा डबा आणि ग्लासांचा सेट भरलेला होता. गुरुजी तो परत न्यायला तयार नव्हते. दुधाची किटली मागे कलंडेल म्हणून तिच्या मांडीवर दिली.

"पुढल्या रविवारी आमच्याकडं," जानकाबाई खिडकीशी वाकून म्हणाली. "ते तुझं बरंच का काय ते."

"काकू, साधंच करा हं," तेजस्विनी किटली सावरत म्हणाली.

"साधंच की. मासवडी, पुरनपोळी, आमटी-भात आन् भजी."

"भज्यांना डाळ मी वाटून देते," साळुबाई म्हणाली. "तुझी लई जाड राहती."

"काय जाड राहती?"

रविंद्रने गाडी सुरू केली. वळणावर तेजस्विनीने मागे पाहिलं, तेव्हा दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. एकीचे हात कमरेवर, दुसरीचे हवेत.